ओट्यावरची गाडी

धाड
१२ जानेवारी २०२५

प्रेरणा,

भाऊबीजेच्या भांडणानंतर तू माझा नंबर बंद करून ठेवलास, म्हणून हे कागदावर लिहावं लागतंय. दुकानाच्या लेटरहेडवर लिहितोय, वरच्या खत-बियाण्यांच्या जाहिरातीकडे लक्ष देऊ नकोस.

बाबांना जाऊन मार्चमध्ये वर्ष होईल. वर्षश्राद्धाला मी एक मोठं काम काढलंय. बुलडाणा रस्त्याला आपल्या शेताचं जे फाटक आहे ना, तिथे ओटा बांधायला घेतलाय. छातीभर उंच, वरून ग्रॅनाइट. त्या ओट्यावर बाबांची लाल गाडी बसवायची, कायमची. मागे बाबांचा फोटो आणि बोर्ड. एसटीतून जाणारा माणूस खिडकीतून बघेल आणि म्हणेल, ही उत्तमरावांची. दोन सीटची, डोक्यावर छप्पर नसलेली गाडी गोव्याहून स्वतः चालवत आणणारा माणूस आपल्या भागात दुसरा कोण होता? आमदार-खासदारांनाही लोक विसरतात, पण ही गाडी कोणी विसरलेलं नाही.

रंगरावकाकांना कल्पना फार पसंत पडली. ते म्हणाले, लोक आईबापाचे पुतळे बसवतात, तुझं काहीतरी वेगळं आहे. उद्घाटनाचं कापड तुझ्या हातून काढायचं असं मी आणि सुचिताने ठरवलंय. शेवटी त्या गाडीवर तुझा जीव आहे, ते मला कळत नाही असं नाही. शेडमध्ये सडण्यापेक्षा चार लोकांच्या नजरेसमोर राहील.

भाऊबीजेला तू ती उघडी गाडी बाजारातून नेलीस, पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि नंतर आठ दिवस दुकानात गिऱ्हाईक मला टोमणे मारत होतं. तो विषय मी आता उगाळत नाही. दीपकरावांना घेऊन दोन दिवस आधी ये. आई बरी आहे, गुडघे तेवढे दुखतात.

तुझा,
गजेंद्रदादा

छत्रपती संभाजीनगर
१८ जानेवारी

दादा,

पत्र वाचलं आणि आधी वाटलं तू थट्टा करतो आहेस. मग आठवलं, तुला थट्टा करता येत नाही.

गाडी माझी आहे. माझी गाडी तू सिमेंटमध्ये गाडतोयस आणि कापड काढायला मलाच बोलावतोयस. एखाद्याच्या म्हशीचा खाटकाशी सौदा करायचा आणि त्यालाच जेवायला बोलवायचं, तसं झालं हे.

जूनमध्ये बुलडाण्याला रजिस्ट्रीत काय झालं ते तू विसरला असशील, मी नाही. आई आणि मी, दोघींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. सगळ्यांच्या बहिणी करतात तशी मीही केली. किती एकर, कुठलं बागायती, कुठलं कोरडवाहू, एका शब्दाने विचारलं नाही. बाहेरच्या बाकावर तू रंगरावकाकांसमोर म्हणालास, "जमीन माही, गाडी तिची. झालं?" मी म्हणाले, झालं. वहिनीने मला साडी दिली, आपण सगळ्यांनी रस प्यायला, आणि गाडीचे कागद दिवाळीनंतर करू म्हणालास. मी तुझ्या शब्दावर राहिले. माझं चुकलं ते एवढंच.

आणि सडते काय म्हणतोस? गेली वीस वर्षं ती गाडी न सडण्याचं कारण बाबा आणि मी आहोत. फायबरच्या बॉडीला भेग गेली की ती आतून रेजिन लावून मी भरते. त्या गाडीचे पार्ट कुठे मिळत नाहीत, म्हणून दुसऱ्या गाडीचं बेअरिंग मापाने जुळवून मी बसवते. दर खेपेला येऊन कार्ब्युरेटर उघडते, जेट फुंकून साफ करते, ब्रेकचं तेल बघते, मग बुलडाण्यापुढे राजूर घाटात एक फेरी मारून आणते. ती फेरी चैन नाही, दादा. उभी राहिलेली गाडी मरते. पेट्रोल आंबतं, सील वाळतात, टायरला खाली सपाट डाग पडतो. चालवणं हीच तिची निगा आहे. हे तुला बाबांनी हजारदा सांगितलं असेल, तू ऐकलं नाहीस.

बाजारातल्या शिट्ट्यांचं म्हणशील तर शिट्ट्या मारणाऱ्यांना जाऊन बोल. ती तुझीच गिऱ्हाइकं आहेत. उधारी बंद कर त्यांची.

काम आजच्या आज थांबव. गाडी शेडमध्ये आहे ना? तिला हात लावू नकोस. एवढंच लेखी कळव.

प्रेरणा

धाड
३० जानेवारी

प्रेरणा,

काम थांबणार नाही. ग्रॅनाइट आलं, मिस्तरी लागलेत, रंगरावकाकांनी चार गावांत सांगून झालं. आता तुझ्या एका पत्रावर मी लोकांत तोंड लपवू का?

तू मोठ्या शहरात राहतेस, तुझ्याकडे फ्लॅट आहे, नोकरी आहे, दीपकरावांचा पगार आहे. इथे माझ्याकडे काय आहे? बाबांचं नाव. ते राखायचं काम मी करतो. दुकान मी बघतो, आईला डॉक्टरकडे मी नेतो, सोयाबीन पडलं की शिव्या मी खातो. तू दोन महिन्यांनी येतेस, हाताला ग्रीस लावून घेतेस, घाटात भुर्र जाऊन येतेस आणि आम्हाला निगा शिकवतेस. वर म्हैस काय, खाटीक काय. स्वतःच्या भावाला असं लिहितात?

गाडीच्या कागदावर अजून बाबांचंच नाव आहे, तुझं नाही. रजिस्ट्रीच्या बाकावर बोललेलं बोलणं बाकावरच राहतं. तरीही मी कोणाचं बुडवणारा माणूस नाही. गाडीचं काय मोल होतं ते तू सांग, मी देतो. हेच हवंय ना तुला? मग तसं सरळ लिही, कार्ब्युरेटरचं पुराण नको.

गाडी आता शेडमध्ये नाही, ओट्यावर चढवली. इंजिन काढून ठेवलंय, कारण मिस्तरी म्हणाला वजन कमी झालेलं बरं. गॅरेजवाल्या शेखरने चेनपुली लावून व्यवस्थित काढलं. नीट ठेवलंय, काळजी करू नकोस. चाकं शोभेला नंतर लावू. पिवळ्या लायटिंगमध्ये इतकी सुंदर दिसते, तू एकदा ये आणि बघ, राग जाईल तुझा.

आई या बाबतीत माझ्या बाजूने आहे. ती काही बोलत नाही.

गजेंद्र

छत्रपती संभाजीनगर
६ फेब्रुवारी

गजेंद्र,

दादा लिहीत नाही, कारण हात वळत नाही.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी शेखरचा फोन आला होता. तोच, ज्याने इंजिन काढलं. बिचारा रडकुंडीला आला होता. म्हणाला, "ताई, मले वाटलं तुमाले मालूम हाय. दादा म्हणे ताईनंच सांगतलं." तू माझ्या नावावर काढून घेतलंस ते. माझ्या नावावर.

नीट ठेवलंय म्हणतोस. शेखरने सांगितलं कुठे ठेवलंय. युरियाच्या थप्पीला टेकवून, खाली पोतं, वरून काही नाही, कार्ब्युरेटरचं तोंड उघडं. खताच्या दुकानदाराला मी सांगायचं का की युरिया ओल ओढतो आणि ॲल्युमिनियम खातो? तुझ्या दुकानातल्या लोखंडी तराजूचं काय झालंय ते रोज बघतोस की. बाबांनी आणि मी ते इंजिन दोनदा खोललं. दुसऱ्या खेपेला बाबांचे हात थरथरत होते, रिंगा मी बसवल्या आणि ते टॉर्च धरून उभे होते. ते इंजिन तू खतात टाकलंस.

आणि शेखरने हेही सांगितलं की खालच्या पत्र्याला तू भोकं पाडलीस. चार अँगल ओट्यात रोवले आणि गाडी त्यांना बोल्टने आवळली. पुतळ्यालाही लोक एवढं आवळत नाहीत. पळून जाईल अशी भीती होती का तुला?

मोल विचारतोस. माझा राग आता शब्दांत मावत नाही, म्हणून तेवढ्याचं उत्तर देते. मी तुझ्याकडे कधी रुपया मागितला? जमीन फुकट दिली. फुकट. एक वस्तू मागितली, जी तुला चालवता येत नाही, जिच्यात तू बसत नाहीस, जिचं बॉनेट कुठून उघडतं हे तुला ठाऊक नाही. तीही तुला माझ्याकडे बघवली नाही. का? एवढं एक सांग. बाबांचं नाव वगैरे काकांसाठी ठेव, मला खरं कारण लिही.

आईला मध्ये आणू नकोस. आई माझ्या बाजूने आहे. भाऊबीजेला तू चावी काढून घेतलीस, तेव्हा तिनेच ती परत आणून गुपचूप माझ्या पर्समध्ये टाकली होती. निघताना मी ती तिच्याकडेच ठेवून आले.

प्रेरणा

धाड
१६ फेब्रुवारी

प्रेरणा,

खरं कारण पाहिजे ना, घे.

त्या गाडीत दोन सीट होत्या. एकीवर बाबा आणि दुसरीवर तू. वीस वर्षं. मी दहावी झालो आणि दुकानात बसलो, कारण कोणीतरी बसायला हवं होतं. तू इंजिनिअरिंगला गेलीस. सुट्टीच्या सकाळी तुम्ही दोघं गॉगल लावून घाटात जायचे आणि मी शटर उघडायचो. परत आले की जेवताना तुमच्या गप्पा, अमक्या वळणावर गाडी कशी चिकटली, तमक्या वळणावर कशी सरकली. देऊळघाटच्या गतिरोधकावर तिरपी कशी काढली. मी भाकर मोडायचो. मला कोणी विचारलं नाही, तुझं काय चाललंय बे.

माझ्या लग्नात मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं बाबांकडे काही मागितलं. म्हटलं, सुचिताला त्या गाडीतून घरी आणतो. बाबा म्हणाले, वरातीत क्लच जळते, जीप सांग. मी जीप सांगितली. अख्खं गाव विचारत होतं, बापाची गाडी शेडमध्ये अन् पोरगा भाड्याच्या जीपमध्ये, काऊन? त्यानंतर तुझं लग्न झालं. तुझी पाठवणी कशातून झाली? त्याच गाडीतून. बाबा चालवत होते, तू शेजारी शालू सावरत बसली होतीस, दीपकराव मागून दुसऱ्या गाडीत. फोटो आहे बैठकीत, मी रोज बघतो.

म्हणून केलं मी. सिमेंट ओतलं तेव्हा मला बरं वाटलं. आता त्यात कोणीच बसणार नाही, तू पण नाही आणि मी पण नाही. बराबर झालं.

आता ये नाहीतर नको येऊस. तुझी मर्जी.

गजेंद्र

छत्रपती संभाजीनगर
२२ फेब्रुवारी

गजेंद्र,

पत्र वाचलं. तू दुखावला आहेस हे मला कळतं. पण दुखावलं बाबांनी, आणि बाबा गेल्यावर तू बिल माझ्यावर फाडलंस. ते मी घेणार नाही. मला त्यांनी बोलावलं आणि मी जाऊन बसले, शाळकरी पोर होते मी. नाही कशी म्हणणार होते?

आणि क्लचचं बाबा बरोबर बोलले होते. वरात बँडच्या मागे तासन् तास पहिल्या गिअरमध्ये सरकते. अर्धा क्लच दाबून एवढं चालवलं की त्या गाडीची प्लेट जळालीच असती, आणि तशी प्लेट मिळत नाही. माझ्या पाठवणीला रस्ता मोकळा होता. तो हिशोब गाडीचा होता, तुझा नव्हता. हे एकदा समजून घेतलं असतंस तर एवढी वर्षं कुढत बसला नसतास.

वर्षश्राद्धाला मी येते आहे. सोबत क्रेन असेल, ग्राइंडर असेल आणि दोन माणसं. कापड मी काढीन, तूच बोलावलंस ना. त्यानंतर चार गावांच्या देखत तुझे अँगल कापीन आणि गाडी उचलून नेईन. बाबांच्या फोटोसमोर. रंगरावकाकांना पुढची खुर्ची दे, त्यांना वेगळं काहीतरी बघायला आवडतं.

अडवायचं असेल तर अडव. आई कोणाच्या बाजूने आहे ते त्याच दिवशी सगळ्यांना दिसेल.

प्रेरणा

धाड
१ मार्च

प्रेरणा आणि गजू,

हेच पत्र मी दोनदा लिवलं. एक पोस्टात टाकते, एक गजूच्या उशाशी ठेवते. गजू घरातच हाय, पण त्याले तोंडानं काई सांगाले गेलं की तो उठून दुकानात जाते. तुमी दोघं कागदावर भांडून राह्यले तं म्या म्हटलं कागदच बरा. तुमची सारी पत्रं सुचितानं मले आणून दाखोली, गजूची पोस्टात टाकाच्या आधी. तिच्यावर कोणी ओरडू नका, म्याच सांगतलं होतं.

प्रेरणा म्हणते आई माह्या बाजूनं. गजू म्हणते आई माह्या बाजूनं. मले कोणी इचारलं? एकानंबी नाई.

रजिस्ट्रीत म्याबी सही केली. प्रेरणानं लिवलं, आईनं अन् म्या केली. तिची सही म्हणून केवढी कागदं काळी झाली. माह्या सहीचं कोणाले काई वाटलं नाई. तिले साडी भेटली, मले तं तेबी नाई. अन् बाकावर गजू म्हणे जमीन माही, गाडी तिची. मी तिथंच बसली होती, पेन हातात घिऊन. माहं काय, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाई.

गजू, तू लिवतं दोन सीटा, एक बाबाची, एक प्रेरणाची. तुह्या पोटात किती वर्षं आग होती ते मले दिसत होतं. पण लेका, तुले नाई भेटली ते दिसलं, मले नाई भेटली ते दिसलं नाई तुले. मी त्याईची बायको होती. त्या गाडीचं कापडाचं टप फाटलं तं रात-रात बसून म्या शिवलं, मोठ्या सुईनं, बोटाले फोड येऊन. घाटातून ते अन् प्रेरणा आले की धुळीचे कपडे म्या धुतले. एक डाव म्या त्याईले म्हटलं, मले न्या ना घाटात. तं म्हणे पोरीची गोष्ट येगळी, तू घरची बाई, उघड्या गाडीत बसली तं लोक काय म्हणतीन. मंग म्या परत नाई म्हटलं. गजूच्या लग्नात मी टेम्पोत होती. प्रेरणाच्या पाठवणीलेबी टेम्पोत, भांड्याच्या खोक्याशी. तो फोटो बैठकीत हाय ना, त्यात म्या कुठं हाय ते पाहा दोघं. नाई दिसणार.

मले लई राग आला. तुमचे बाबा गेले तवाबी एवढा आला नोता, तवा रडू आलं होतं.

सोमवारी मिस्तरी आला, म्हणे उरलेलं सिमेंट भरतो. मी काठी टेकत फाटकापर्यंत गेली. झुंबरबाई तिथं रेती चाळत होती, तिले म्हटलं मले वर चढव. तिनं अन् मिस्तरीच्या बायकोनं मले ओट्यावर चढोलं. म्या दार उघडलं अन् गाडीत बसली. इंजिन नाई, चाक नाई, खालून बोल्ट मारलेले. एवढी वर्षं वाट पाह्यली अन् बसली तं अशी. मिस्तरी म्हणे काकू उतरा, माल वाळून राह्यला. म्या म्हटलं वाळू दे. दुपारपर्यंत बसली. एसटी गेली तं लोक खिडकीतून पाहत होते. काई बोलत नोते. अन् बोलले असते तं बोलले असते.

मंगळवारी सुचिताले घिऊन बुलडाण्याले आरटीओत गेली. तिथल्या बाईनं नीट सांगतलं. गाडी माणसाच्या माघारी बायकोच्या नावावर होते, लेकरायनं हरकत नाई म्हणून लिवून द्या लागते. कागद घिऊन आली. दोन हायेत, एक गजूचा, एक प्रेरणाचा. तुमी दोघं माह्यासमोर बसून सही करसान. म्या केली तशी, काई न इचारता. मले जमलं तं तुमाले जमन.

आता कोणाचं काय काम थे आयका. वर्षश्राद्धाले चार गावं नाई येणार. रंगरावभाऊजीले म्या निरोप धाडला. भटजी येईन, पिंड पडन, जेवण होईन, बस. प्रेरणा, क्रेन नको आणू. ओटा गजूनं बांधला, अँगल गजूच कापन, स्वतःच्या हातानं. बाबाचा फोटो म्या घरात आणला. गजू, युरियाची थप्पी तिथून उद्या हटवजो अन् इंजिनावर स्वच्छ कापड टाकजो, प्रेरणा येयेपर्यंत. प्रेरणा, तू अन् शेखर मिळून इंजिन बसवजा. जे खराब झालं ते तू दुरुस्त करजो, पण करतांना भावाले बोलजो नको. तो टॉर्च धरून उभा राहीन. त्याले कोणी कधी टॉर्च धराले बोलावलं नाई, तेवढं तं तुले करता येते.

अन् सह्या झाल्याबिगर चावी कोणाले भेटणार नाई. ती माह्या कमरेले हाय.

गाडी चालू झाली की पह्यले मी घाटात जाणार. दिवसा, टप उघडून, धाडच्या बाजारातून. चालवणारा तुमच्यापैकी कोण, थे अजून म्या ठरोलं नाई. जो माह्या संगं नीट बोलन तो चालवन. प्रेरणाले येते, गजूले शिकवा लागन. मले घाई नाई, मी बसून राहीन.

तुमची आई,
शालूबाई